पुसण्यापूर्वी पाहावे

(लोधीखेडा येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. संगणकात साठवलेले एखादे दप्तर आज्ञा देऊन कसे काढून टाकावे, आणि कोणत्या कागदास कोणी हात लावावा हे संगणकास कसे सांगावे, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे. तथापि हा विषय केवळ संगणक चालविणाऱ्या कारकुनाचा आहे असे कोणी समजू नये. ज्या कागदावर आपल्या शेताचा खसरा क्रमांक, मुलाची जन्मतारीख आणि आजोबांचे नाव लिहिलेले असते, तो कागद आता संगणकात राहू लागला आहे. मध्य प्रदेशात जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांकडे १९५० सालचा, तर इतर मागासवर्गीयांच्या कुटुंबांकडे १९८४ सालचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. असा पुरावा बहुधा एखाद्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील एका ओळीत असतो. ती ओळ गेली तर एका कुटुंबाची वाट बंद होते. म्हणून हा विषय आपणां सर्वांचा आहे.

दप्तर हलते तेव्हा

दप्तराचे महत्त्व आपल्या भागास नव्याने सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत राजधानी असलेले नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिली. घरात बोली मराठी, सोयरीक नागपूरकडे आणि सरकारी कागद भोपाळचे, अशी आपली स्थिती तेव्हापासून झाली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसर व पांढुर्णा या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन नवा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. सीमा बदलतात तेव्हा माणसे आपल्या गावीच राहतात, घरे जागीच असतात. जागचे हलते ते दप्तर.

१९५६ साली दप्तर हलवावयाचे म्हणजे गाठोडी बांधावी लागत. आज ते एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात उतरवून घेता येते. अशा वेळी कोणी तरी हमखास म्हणतो, "नव्या जागी प्रत पोहोचली, आता जुनी पुसून टाका." याच क्षणी सर्वाधिक सावध राहिले पाहिजे, आणि याच क्षणासाठी आजचे हे चार शब्द आहेत.

कागदाचा नाश आणि संगणकातील नाश

शासकीय कार्यालयात जुना कागद नष्ट करणे सोपे नसते. ते सोपे नसावे अशीच व्यवस्था पूर्वीच्या जाणत्या अधिकाऱ्यांनी करून ठेवली आहे. पलीकडे महाराष्ट्रातील कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्गातील कागद कायम जपावयाचा, ब वर्गातील ३० वर्षे, आणि ड वर्गातील १ वर्ष ठेवावयाचा. तेथील सहा गठ्ठा पद्धतीत तर नाश करावयाच्या कागदांचा गठ्ठाच निराळा बांधतात. १९८०च्या दशकात अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामाची आणि अभिलेखांची जी नवी मांडणी केली, ती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर गाजली. या सर्व पद्धतींचे सार एकच आहे. कागद नष्ट करावयाचा तर आधी यादी करावयाची, यादीवर सही घ्यावयाची, वरिष्ठांचा आदेश घ्यावयाचा आणि मग नोंद ठेवून नाश करावयाचा. एक कागद नाहीसा होण्यापूर्वी तीन-चार हातांतून जातो, आणि त्यांतील प्रत्येक हातास "थांबा" म्हणण्याची संधी असते.

संगणकात ही संधी आपोआप मिळत नाही. तेथे यादी, सही, आदेश आणि नाश हे सारे एका बोटात आणि एका क्षणात आले आहे. दप्तराची जुनी शिस्त आपण स्वतःहून त्या बोटाला लावली पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

काळ्या पडद्यावरील आज्ञा

आपण घरच्या संगणकावर चित्रांवर टिचकी मारून काम करतो. तेथे पुसलेला कागद प्रथम कचरापेटीत पडतो आणि चूक ध्यानात आल्यास परत काढता येतो. परंतु मोठ्या कार्यालयांची दप्तरे ज्या यंत्रांवर असतात, त्यांतील अनेक यंत्रे काळ्या पडद्यावर टंकलेल्या आज्ञांनी चालतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही प्रणाली जन्मास आली. तिच्या धर्तीवर लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्या देशात सी-डॅक संस्थेने सिद्ध केलेली 'बॉस' प्रणाली लिनक्सवरच आधारलेली आहे. या सर्वांत दप्तर हाताळण्याच्या आज्ञा जवळपास सारख्याच आहेत. त्या रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे मी त्यांची अक्षरे उच्चारून सांगतो.

पहिली आज्ञा पी-डब्ल्यू-डी. ही तीन अक्षरे ऐकताच आपणांस रस्ते आणि पूल आठवतील. येथे मात्र तिचा अर्थ "मी या घटकेस कोणत्या दप्तरात उभा आहे?" असा आहे. दुसरी आज्ञा एल-एस. ती समोरच्या दप्तरात काय काय आहे याची यादी दाखविते. या दोन्ही आज्ञा कशालाही धक्का लावीत नाहीत. नांगर घालण्यापूर्वी धुरा पाहून घ्यावा, त्याप्रमाणे काहीही पुसण्यापूर्वी या दोन आज्ञा द्याव्यात.

तिसरी आज्ञा आर-एम-डी-आय-आर. ती फक्त रिकामे दप्तर काढून टाकते. आत एक जरी कागद असला तरी ती स्वच्छ नकार देते. हा नकार म्हणजे आपल्या भल्यासाठी दिलेला इशारा समजावा.

चौथी आज्ञा आर-एम. हिच्यापुढे आडवी रेघ व 'आर' हे अक्षर जोडले की ती भरलेले दप्तर, त्यातील पोटदप्तरे आणि त्यांतील प्रत्येक कागद, सर्व काढून टाकते. तिला 'आय' हे अक्षर जोडले तर ती प्रत्येक कागदापूर्वी "काढू का?" असे विचारते. 'एफ' जोडले तर मात्र ती काहीच विचारत नाही. या आज्ञेला कचरापेटी नाही. पुसण्याची आज्ञा माघारी घेणारी दुसरी आज्ञाही नाही. म्हणून नवशिक्याने 'एफ' या अक्षराची सवय लावून घेऊ नये, आणि जाणत्याने ती असल्यास सोडावी.

दोन पानांची गोष्ट

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांचे स्कॅन करून आम्ही ते एका यंत्रात ठेवले होते. त्याच ठिकाणी सरावासाठी केलेल्या प्रतींची चार-पाच दप्तरे होती. त्या सर्वांच्या नावांचा आरंभ 'जुने' या शब्दाने होत असे. ती काढून टाकावी म्हणून मी आर-एम आज्ञा 'आर' व 'एफ' यांसह टंकली आणि पुढे 'जुने' लिहून लगेच तारांकित खूण दिली. ती खूण अक्षराला चिकटून असली की 'जुनेने सुरू होणारे सर्व' असा अर्थ होतो. माझा अंगठा मात्र चुकून मधल्या मोठ्या कळीवर पडला आणि 'जुने' व तारांकित खूण यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहिली. यंत्राने त्या आज्ञेचे दोन भाग केले. 'जुने' या नावाचे दप्तर काढा, हा पहिला भाग, आणि येथे जे जे आहे ते सर्व काढा, हा दुसरा. नेमके 'जुने' एवढ्याच नावाचे दप्तर तेथे नव्हते, पण 'एफ' लावलेले असल्याने "असे दप्तर येथे नाही" एवढेही यंत्र बोलले नाही. पाहता पाहता सर्व रजिस्टरे गेली.

मूळ कागदी रजिस्टरे कपाटात होती म्हणून निभावले. आठ दिवस बसून आम्ही सर्व पाने पुन्हा स्कॅन केली. परंतु एका रजिस्टराची शेवटची दोन पाने पहिल्या वेळी हाताळतानाच चुरा झाली होती. त्यांची केवळ संगणकातील प्रतिमाच उरली होती, आणि ती मी पुसून बसलो होतो. त्या दोन पानांवर कोणत्या मुलांची नावे होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ती मुले आज आजोबा-आजी असतील, आणि त्यांची नातवंडे कधी काळी पुरावा शोधीत त्या शाळेत येतीलही. एल-एस ही दोन अक्षरे त्याच तारांकित खुणेसह आधी टंकली असती, तर काय काय पुसले जाणार आहे याची यादी मला समोर दिसली असती. कार्यालयात नाशापूर्वी यादी करतात ती याचसाठी.

कोणी वाचावे, कोणी लिहावे

हाताची चूक टाळण्याचा एक उपाय सावधपणा हा आहे. ज्याचे काम नाही त्याच्या हाती पुसण्याचा अधिकारच न देणे, हा दुसरा आणि अधिक भरवशाचा उपाय होय. खसऱ्याची नोंद पटवारी ठेवतो, नामांतरणाचा आदेश तहसीलदार देतो, आणि शेतकरी नक्कल घेतो. नक्कल घेणाऱ्यास नोंद खोडता येत नाही, म्हणूनच त्या नक्कलेला किंमत असते.

लिनक्समध्येही प्रत्येक कागदाचा एक मालक असतो, एक गट असतो, आणि उरलेले सारे 'इतर' असतात. या तिघांना प्रत्येकी तीन अधिकार देता येतात अथवा नाकारता येतात. वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालविण्याचा, असे ते तीन अधिकार होत. एल-एस आज्ञेस आडवी रेघ व 'एल' हे अक्षर जोडले की हे सर्व अधिकार यादीत ओळीने दिसतात. ओळीच्या प्रारंभी 'डी' असेल तर ते दप्तर आहे असे समजावे.

अधिकार बदलण्याची आज्ञा सी-एच-मॉड ही होय. तिच्यात अधिकार अंकांनी सांगता येतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचे १. संत्र्याच्या बाजारात ४, २ व १ किलोची तीन वजने असली की १ पासून ७ किलोपर्यंत कोणतेही पुरे वजन तोलता येते, आणि प्रत्येक वजनाची जोडणी एकच असते. येथेही तसेच आहे. ६ म्हणजे ४ व २, अर्थात वाचणे व लिहिणे. ५ म्हणजे ४ व १, अर्थात वाचणे व चालविणे. ६४० असे तीन अंक दिले तर मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, आणि इतरांनी काहीच करू नये, असा अर्थ होतो. शाळेच्या रजिस्टराच्या स्कॅनसाठी साधारणपणे हेच योग्य होय.

काम अडले की "७७७ देऊन मोकळे व्हा" असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तो ऐकू नये. ७७७ म्हणजे त्या यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकास वाचण्याची, लिहिण्याची व चालविण्याची मोकळीक देणे होय. घराची किल्ली हरवली म्हणून दारच काढून टाकण्यासारखे ते आहे.

दप्तराचा अधिकार आणि कागदाचा अधिकार

आता जो मुद्दा सांगतो, तो अनुभवी कर्मचाऱ्यांच्याही ध्यानातून निसटतो. दप्तराच्या बाबतीत या तीन अधिकारांचे अर्थ निराळे आहेत. दप्तर वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. दप्तर चालविणे म्हणजे त्यात प्रवेश करणे. आणि दप्तरावर लिहिणे म्हणजे त्यात नवा कागद घालणे अथवा असलेला कागद काढणे.

याचा परिणाम असा की कागद काढून टाकण्याचा अधिकार कागदावर नसून दप्तरावर असतो. एखाद्या कागदावर आपण "केवळ वाचावा" असा शिक्का मारला, तरी ज्याला त्या दप्तरात शिरण्याचा व त्यावर लिहिण्याचा अधिकार आहे, तो तो कागद दप्तरातून काढून टाकू शकतो. कागदावरील अक्षर खोडण्याची परवानगी नसलेल्याने अख्खे पानच गठ्ठ्यातून ओढून काढावे, तसे हे घडते. म्हणून कागद जपावयाचा असेल तर दप्तर जपावे. जतन करावयाच्या दप्तरास ७५० द्यावे. त्यामुळे गटातील लोक आत येऊन पाहू शकतील, परंतु काही घालू अथवा काढू शकणार नाहीत.

चार शिक्षकांना एकाच दप्तरात आपापले कागद ठेवावयाचे असतील तर काय करावे? तेव्हा गटास लिहिण्याचा अधिकार द्यावाच लागतो. अशा वेळी दप्तरावर 'टी' अक्षराची एक विशेष खूण लावता येते. ती लावल्यावर कागदाचा मालक, दप्तराचा मालक अथवा यंत्राचा मुख्य चालक यांखेरीज कोणालाही तो कागद काढता येत नाही. सामाईक गोदामात ज्याने त्याने आपलेच पोते उचलावे, असा हा नियम आहे.

मुख्य चालकास लिनक्समध्ये 'रूट' म्हणतात. त्याला हे नियम अडवीत नाहीत. म्हणून रोजचे काम रूट होऊन करू नये. निकड असेल तेवढ्यापुरते ते अधिकार घ्यावेत व सोडावेत. तसेच एखाद्या कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याच्या नावाचे कागद सी-एच-ओन या आज्ञेने नव्या कर्मचाऱ्याच्या नावे करावेत आणि जुना प्रवेश बंद करावा. कार्यभार सोपविण्याची आपली जुनी रीतच येथे उपयोगी पडते.

प्रत कोठे आहे?

कागद असला म्हणजे सुरक्षित आहे, असेही मानू नये. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास आग लागली, तर १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनास. दोन्ही ठिकाणी माणसांनी वर्षानुवर्षे जपलेल्या नस्ती जळाल्या. परंतु संगणकात आले म्हणजे सुरक्षित झाले, हेही खरे नाही. गिटलॅब या जगप्रसिद्ध संगणक संस्थेत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री थकलेल्या एका अभियंत्याने एका यंत्रावरील दप्तर समजून दुसऱ्याच, चालू यंत्रावरील दप्तर पुसले. चूक लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबविली, तोवर सुमारे ३०० जीबी साठ्यातील जेमतेम साडेचार जीबी उरले होते. त्या संस्थेकडे प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा त्यांतील एकही धड चालत नसल्याचे आढळले. सुदैवाने सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेली एक प्रत होती, तीवरून काम पूर्वपदावर आले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. ती संस्था हे सारे न लपविता जगापुढे मांडती झाली, हे तिचे मोठेपण.

यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी वेगळ्या इमारतीत, शक्य तर वेगळ्या गावी असावी. दुसरे असे की प्रत आहे यावर समाधान न मानता, तीवरून दप्तर पुन्हा उभे करून पाहावे. पेरून पाहिल्याशिवाय बियाणे उगवते की नाही हे कळत नाही.

पुसले म्हणजे खरोखर गेले काय?

आणखी एक गोष्ट ग्रामस्थांनी विशेष ध्यानात ठेवावी. आर-एम आज्ञा कागदाचे नाव दप्तरातून काढते व त्याची जागा मोकळी झाली असे नोंदविते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथे राहू शकतो. म्हणून चुकून काही पुसले गेल्यास ते यंत्र ताबडतोब वापरण्याचे थांबवावे व जाणकारास बोलवावे. मात्र मजकूर परत मिळेलच याचा भरवसा धरू नये. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. आधार कार्डांच्या व बँक पासबुकांच्या प्रती असलेला जुना संगणक नुसते पुसून भंगारात देऊ नये. त्यातील मजकूर दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. नष्ट करावयाचे ते नीट नष्ट करावे, जपावयाचे ते नीट जपावे.

शेवटची विनंती

मित्रहो, आपल्या ग्रामपंचायतीत, शाळेत अथवा नगर परिषदेत संगणकातील दप्तर काढून टाकण्याची वेळ येईल तेव्हा पाच गोष्टी कराव्यात. आपण कोठे उभे आहोत ते पाहावे. काय पुसले जाणार आहे त्याची यादी काढून दुसऱ्या एका माणसास वाचून दाखवावी. प्रत अन्यत्र आहे व ती उघडते, याची खात्री करावी. वरिष्ठांची लेखी संमती घ्यावी. आणि काय, केव्हा व कोणी पुसले हे एका साध्या वहीत लिहून ठेवावे. या पाच गोष्टींना फार तर अर्धा तास लागेल. ग्रामस्थांनीही "आमच्या नोंदीची प्रत कोठे आहे आणि ती कोणाला पुसता येते?" असे विचारण्यास संकोच करू नये. हा प्रश्न अविश्वासाचा नव्हे. तो विचारला गेला म्हणजे जपणाऱ्याचाही हात जपून चालतो.

ज्या दोन पानांचा मी उल्लेख केला, ती परत आणणे आता माझ्या हाती नाही. तेव्हापासून मी पुसण्याची कोणतीही आज्ञा टंकली की कळ दाबण्यापूर्वी हात मांडीवर ठेवतो आणि ती ओळ मोठ्याने वाचतो. आपणही तसे करावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.

जय हिंद.